अंगठा होता तेव्हा साक्षीदारही होता



इटारसीला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक निवृत्त कीमॅन राहतात. मूळ गाव वरुडकडचे, नोकरी सगळी इटारसी ते आमला या पट्ट्यात झाली आणि मग घरही इथेच बांधले. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि इंग्रजी फक्त मोबाईलवर येणाऱ्या संदेशांपुरती, अशी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या हजारो कुटुंबांची जी तऱ्हा, तीच त्यांची. नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्यांना फोन आला. बोलणाऱ्याने "नमस्ते बाबूजी" म्हणून पूर्ण नाव घेतले, पी.पी.ओ. नंबर सांगितला, निवृत्तीची तारीखही अचूक सांगितली. मग म्हणाला, तुमचा हयातीचा दाखला नोंदला गेलेला नाही. आज दुपारपर्यंत नोंद झाली नाही तर पेन्शन थांबेल. तुम्हाला कचेरीत यायला नको, आम्ही इथूनच करून देतो, मोबाईलवर एक नंबर येईल तेवढा वाचून दाखवा.

नंबर आला. त्यांनी वाचून दाखवला. मग दुसरा आला, तिसरा आला. बाराच्या आत एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये गेले.

तीन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत, घरच्यांशीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले, खुर्चीवर न बसता उंबऱ्यापाशीच उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, जन्मभर रुळावर चाललो. एक चावी सैल राहू दिली नाही, एक फिशप्लेट नजरेतून सुटली नाही. आणि घरात बसल्या बसल्या लुटलो गेलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्यांच्या बँकेत गेलो. तिथले अधिकारी उद्धट नव्हते, हे सांगितले पाहिजे. पण त्यांनी पहिलाच प्रश्न केला तो असा : "ओ.टी.पी. तुम्हीच दिलात ना?" आणि भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवले. पोस्टरवर एक हसरा माणूस होता आणि खाली इंग्रजीत व हिंदीत, ओ.टी.पी. कोणालाही सांगू नका. आमचे कीमॅन पोस्टरकडे बघत राहिले.

या विषयावर लिहायचे मी बरेच दिवस टाळत होतो. कारण जो तो उठतो आणि आपल्या लोकांना शहाणपण शिकवतो. "लोक अडाणी आहेत, लोभी आहेत, म्हणून फसतात," असे म्हटले की बँकेची, कंपनीची आणि सरकारची सुटका होते. मला हे मान्य नाही. या माणसाला लोभ नव्हता. त्याने लॉटरीच्या आशेने काही केले नाही. त्याला भीती होती पेन्शन बंद होण्याची, आणि ती भीती काही चोराने निर्माण केलेली नाही. हयातीचा दाखला वेळेवर पोहोचला नाही तर पेन्शन खरोखरच थांबते, हे प्रत्येक निवृत्त कर्मचारी जाणतो. शिवाय ज्याने चाळीस वर्षे कचेरीच्या आवाजाला "जी साहेब" म्हणण्याची सवय अंगी बाणवली, त्याच्याकडून प्रशासन निवृत्तीनंतर एकदम अशी अपेक्षा करते की त्याने कचेरीच्या आवाजावर संशय घ्यावा. आणि एक प्रश्न तर त्या बँकेत कोणीच विचारला नाही : पी.पी.ओ. नंबर आणि निवृत्तीची तारीख त्या फोन करणाऱ्याकडे आली कुठून? ती काही कीमॅनने दिलेली नव्हती.

आता थोडे मागचे सांगतो, कारण मागचे आठवल्याशिवाय आजच्या व्यवस्थेत काय गळून पडले आहे ते लक्षात येत नाही.

मी आर.एम.एस.चा माणूस. छत्तीस वर्षे सॉर्टिंग केले, त्यातली बरीचशी धावत्या गाडीत, डाकडब्यात. आमच्याकडे बॅग ताब्यात घेण्याची एक रीत होती. मेल लिस्टवरच्या नोंदीशी बॅग ताडून पाहायची, तोंडाची गाठ पाहायची, लाखेचे सील दिव्याखाली धरून पाहायचे. सील तडकलेले वाटले तर देणाऱ्याच्या समोरच शेरा मारायचा, मगच सही करायची. स्टेशनावर गाडी दोन मिनिटे थांबणार असली तरी हे व्हायचेच. घाई कितीही असो, न पाहता सही केली तर ती बॅग आपल्या गळ्यात. देणाराही रागवत नसे, कारण पुढच्या स्टेशनावर त्यालाही तेच करायचे असे.

रेल्वेत जुन्या लोकांना पगाराचा दिवस आठवत असेल. पे-क्लार्क पेटी घेऊन यायचा, गँगच्या लोकांची रांग लागायची. अंगठा उठवणाऱ्याचा अंगठा घेतला जायचा, पण नुसता पे-क्लार्क आणि कामगार असे दोघांतच ते होत नसे. साक्षीदार म्हणून सुपरवायझर शेजारी बसायचा, माणूस तोच आहे आणि रक्कम त्याच्या हातात पडली याची सही तो करायचा. मनीऑर्डरचेही तेच. १८८० साली आपल्या देशात टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली, तेव्हापासून मुंबईच्या गिरणीतून कोकणात आणि घाटावर किती संसार त्या फॉर्मवर चालले याची गणती नाही. ज्या म्हातारीला सही येत नाही तिचा अंगठा घ्यायचा तर सही येणारा साक्षीदार लागे. पोस्टमन ओट्यावर बसून नोटा मोजून देई, खालच्या कागदावरचा मजकूर वाचून दाखवी, आणि शेजारचा मास्तर नाहीतर दुकानदार साक्षीची सही करी.

त्या व्यवस्थेत चोऱ्या होत नव्हत्या असे मी म्हणणार नाही. होत होत्या. मनीऑर्डर उशिरा देणारे होते, म्हातारीकडून चहापाण्याचे घेणारे होते, पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर व्याजाचे पैसे वसूल करायला सावकाराची माणसे उभी असत. पण ती दिसत असत. चोर कोण ते गावाला ठाऊक असे. आणि मुख्य म्हणजे पैसे हलण्याच्या क्षणी तिसरा माणूस हजर असे. कामगार एकटा नसे.

आज तो एकटा आहे. स्वयंपाकघरात, शेतात, ड्यूटीवरून परतताना लोकलच्या दारात, तो आणि त्याचा मोबाईल. यू.पी.आय. २०१६ साली आले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि लोकांना हे शिकण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यू.पी.आय.वर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. हे यश आहे यात शंका नाही. घरी पैसे पाठवायला आता गुवाहाटीला असलेल्या आपल्या माणसाला रांगेत उभे राहावे लागत नाही, हे मला मान्यच आहे, आणि माझी मुलगीही मला असेच पाठवते. पण त्याच वेळी गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेले आकडे पाहा. सायबर फसवणुकीत नागरिकांचे गेलेले पैसे २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी, २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. एवढी माणसे एका वर्षात अचानक तिप्पट अडाणी झाली काय?

या फसवणुकीत आपल्या दोन्ही खात्यांचे नाव वापरले जाते, म्हणून हा विषय आपल्या जास्तच जवळचा आहे. "तुमचे पार्सल पत्ता अपुरा असल्यामुळे थांबले आहे, खालील दुव्यावर पत्ता दुरुस्त करा आणि किरकोळ शुल्क भरा," असे संदेश टपालखात्याच्या नावाने देशभर फिरले. टपालखाते असे संदेश पाठवत नाही हे सरकारला जाहीर करावे लागले. तिकीट रद्द केल्याचा परतावा मिळवून देतो म्हणणारे रेल्वेच्या नावाने फोन करतात, आणि त्यांच्या हाती सापडतो तो ज्याचा परतावा खरोखरच अडकला आहे असा प्रवासी. २०२३ मध्ये रेल्वेच्या तिकीट कंपनीच्या नावाचे एक बनावट ॲप पसरवले गेले, त्याबद्दल कंपनीने लोकांना सावध केले होते. "डिजिटल अटक" नावाचा प्रकार तर सगळ्यांनी ऐकला असेल. त्याची सुरुवात बहुतेक वेळा "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले" अशीच होते. कायद्यात डिजिटल अटक म्हणून काही नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून सांगितले. म्हणजे शंभर-दीडशे वर्षे पोस्टमनने दारोदार हिंडून आणि गार्ड-ड्रायव्हरने रात्री जागून जो विश्वास कमावला, तो चोर भांडवल म्हणून वापरतो आहे. आपल्या घामाचे भांडवल, आणि नफा त्याचा.

आता ग्रामीण डाक सेवकाकडे वळू. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली आणि पोस्टमन, डाक सेवक यांच्या हाती बोटाचा ठसा घेणारे यंत्र आले. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट, एवढ्यावर माणसाला दारात पैसे मिळतात. पिन लागत नाही, ओ.टी.पी. लागत नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत. दूरच्या पाड्यावरच्या विधवेला निराधार योजनेचे पैसे काढायला दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागत नाही, ही मोठीच सोय आहे आणि ती आपल्याच साथींनी करून दाखवली आहे. पण जुनी मनीऑर्डर आठवा. अंगठा तेव्हाही होता. अंगठ्याबरोबर साक्षीदार होता, तो मात्र नव्या यंत्रात बसवायचा कोणी विसरले.

याचा परिणाम दुहेरी होतो. टपालखात्याबाहेरचे जे खासगी एजंट गल्लोगल्ली हेच यंत्र घेऊन बसतात, त्यांपैकी काही लबाड "मशीन फेल झाले, पुन्हा बोट लावा" म्हणून दोनदा पैसे काढतात आणि एकदाच देतात. जमीनखरेदीच्या कागदांवरचे ठसे चोरून रबरी बोटे बनवण्याचे प्रकार तेलंगण, हरियाणासारख्या राज्यांत उघडकीस आले. अखेर रिझर्व्ह बँकेने अशा एजंटांची नीट तपासणी करण्याचे निर्देश जून २०२५ मध्ये काढले, ते जानेवारी २०२६ पासून लागू झाले. दुसरीकडे, प्रामाणिक डाक सेवकावर आळ आला तर त्याच्याही बाजूने बोलायला कोणी नसते. म्हातारी म्हणते पैसे मिळाले नाहीत, यंत्र म्हणते दिले. पूर्वी साक्षीदाराची सही पोस्टमनलाही वाचवत असे. वर टार्गेटचा रेटा : आज इतकी खाती उघडा, इतके विमे करा. घाईने उघडलेल्या खात्यात गिऱ्हाइकाला आपण कशावर बोट ठेवले हे धड सांगितलेले नसते, आणि न सांगता घेतलेले बोट म्हणजे सील न पाहता घेतलेली बॅग.

डाक सेवक साथींना माझे एवढेच सांगणे आहे की गिऱ्हाइकाला आकडा मोठ्याने वाचून दाखवा, शेजारचा एक माणूस बोलवा, आपल्या वहीत तारीख, रक्कम आणि त्या माणसाचे नाव लिहा. नियमात नसेना का. आणि ज्यांना ही बोटाची सोय नको असेल त्यांना आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून बोटाच्या ठशाला कुलूप लावता येते, हेही सांगा. हवे तेव्हा ते उघडता येते.

आता संघटनेच्या जिव्हाळ्याचा भाग. पैसे गेले की भरायचे कोणी?

टपालखात्यातल्या साथींना "हातभार लावणारा निष्काळजीपणा" हे शब्द नव्याने सांगायला नकोत. अपहार एकाने करायचा, आणि त्याच्या आसपास ज्याची म्हणून सही सापडेल त्या सगळ्यांच्या पगारातून वसुली लावायची, ही प्रथा जुनी आहे. केंद्रीय सेवा नियमांतल्या ११ व्या नियमात आणि रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतल्या ६ व्या नियमात पगारातून वसुली ही किरकोळ शिक्षा म्हणून लिहिलेली आहे. ज्याच्या पगारातून महिनोन्महिने कापले जाते त्याला विचारा ती किती किरकोळ आहे. संगणक आल्यावर या प्रथेला नवे दात फुटले. दोन माणसांच्या पोस्टात काउंटरवरच्याने नोंद करायची आणि सबपोस्टमास्तराने ती आपल्या पासवर्डने मंजूर करायची, असा नियम. नियम उत्तम आहे. पण एक माणूस रजेवर, बदली माणूस मिळत नाही, दारात रांग, नेट रडतखडत चालणारे. मग एकाचा पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक असतो, हे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत असते, इन्स्पेक्शनला येणाऱ्यालाही. सगळे सुरळीत असेपर्यंत ते "सहकार्य" असते. अपहार झाला की त्याच दिवशी ते "पासवर्ड उघड करण्याचे गैरवर्तन" होते. जागा रिकाम्या ठेवणाऱ्याच्या पगारातून वसुली झाल्याचे मी तरी कधी ऐकलेले नाही.

म्हणून मी कडवटपणाने पण स्पष्ट सांगतो, सहकार्य नको. आपला पासवर्ड सख्ख्या भावालाही देऊ नका. काउंटर बंद पडत असेल तर पडू द्या, वरिष्ठांना लेखी कळवा, प्रत आपल्याकडे ठेवा, एक प्रत शाखा सचिवाकडे द्या. जनतेची गैरसोय होते हे खरे, आणि त्याचे वाईट मलाही वाटते. पण ती गैरसोय रिक्त जागेमुळे होते, आणि तसे दिसू द्यायला हवे.

रेल्वेच्या बुकिंग खिडकीवर वेगळी कथा. एप्रिल २०२४ पासून अनारक्षित तिकिटांच्या खिडकीवरही क्यूआर आले. गाडी फलाटावर उभी, प्रवासी मोबाईल काचेला लावून ओरडतो, "पैसे कट गये, टिकट दो." त्याचे खरेही असू शकते, कारण त्याच्या खात्यातून रक्कम गेलेली असते आणि रेल्वेकडे आल्याची खूण उमटलेली नसते. खोटेही असू शकते, कारण पैसे भरल्याचा हुबेहूब देखावा करणारी ॲपे बाजारात आहेत. क्लार्कने दयेपोटी तिकीट दिले आणि पैसे आलेच नाहीत, तर अकाउंट्सकडून डेबिट येणार. डेबिट या शब्दाचा अर्थ आपल्या बुकिंग क्लार्कइतका जिवाला लागून कोणाला ठाऊक असेल! त्याने आपल्या यंत्रावर खूण उमटेपर्यंत थांबले पाहिजे, आणि रांगेतल्या लोकांनी त्याला शिव्या देऊ नयेत म्हणून प्रशासनाने खिडकीवर मोठ्या अक्षरांत, त्या गावच्या भाषेत फलक लावला पाहिजे. प्रवाशाचे खरोखर गेलेले पैसे सहसा आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये त्याची मुदत बांधून दिली आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई ठरवली. ही गोष्ट खिडकीवरच्या क्लार्कला माहीत असली तर तो प्रवाशाला दोन वाक्यांत शांत करू शकतो. पण त्याला हे शिकवले कोणी? यंत्र बसवणाऱ्या माणसाने यंत्र कसे चालू करायचे तेवढे दाखवले आणि तो गेला.

आणि ज्यांचा उल्लेख आपल्या सभांत सर्वांत शेवटी येतो त्यांचे काय? फलाट झाडणारे, डबे धुणारे, पार्सल उचलणारे कंत्राटी कामगार. मजुरी बँकेतच जमा झाली पाहिजे अशी मागणी आपणच केली होती, ती योग्यच होती. २०१७ च्या दुरुस्तीने वेतन थेट खात्यात भरण्याचा मार्गही मोकळा झाला. पण ठिकठिकाणी काय घडते? खाते कामगाराच्या नावाचे, ए.टी.एम. कार्ड मुकादमाच्या खिशात. पिनही त्यालाच ठाऊक. पूर्ण किमान वेतन खात्यात जमा झाल्याचा कागद प्रशासनाकडे जातो, आणि त्याच संध्याकाळी त्यातले अर्धे नाही तरी बरेच काढून घेतले जाते. त्या बाईला जाऊन आपण सांगायचे का, की ताई, पिन कोणाला सांगू नका? तिने पिन सांगितला नाही तर उद्या तिला झाडू मिळणार नाही. इथे डिजिटल साक्षरतेचा वर्ग घेऊन काही होणार नाही. इथे शाखेच्या माणसांनी पगाराच्या दिवशी ए.टी.एम.पाशी जाऊन उभे राहायला पाहिजे, आणि मुख्य मालक म्हणून रेल्वे किंवा टपाल प्रशासनाला लेखी जाब विचारायला पाहिजे.

आपल्या वसाहतीतल्या पोरांबद्दलही बोलले पाहिजे, जरी ते कडू असले. "तुझे खाते महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो," म्हणणारे दलाल बेकार तरुणांना गाठतात. चोरलेला पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून पळतो. पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्या दारी, म्हणजे रेल्वे क्वार्टरच्या किंवा पोस्टल कॉलनीच्या दारी. चोर वेगळ्याच राज्यात असतो. मुलाचे पुढचे नोकरीचे दार बंद होते ते वेगळेच. बापाने घरात एकदा हा विषय काढावा.

बँकेची जबाबदारी काय, हे आता सांगतो, कारण बँका ते स्वतःहून सांगत नाहीत. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने तत्त्व घालून दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने कळवले असो वा नसो, नुकसान बँकेचे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानेच कुठे तरी भोक पाडले, आणि बँकेकडून संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तरीही ग्राहकाला तोशीस नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याची जबाबदारी दहा हजारांपुरती, मूलभूत खात्याची पाच हजारांपुरती. ग्राहकाने स्वतः ओ.टी.पी. वा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. भिंतीवरच्या पोस्टरवर मला यातली एक ओळही दिसली नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल की सगळा खेळ वेळेचा आहे. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पैसे गेल्याचे कळताच, चहासुद्धा न घेता, आधी तिथे फोन करायचा, मग बँकेला, आणि बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्यायचा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात काही मिनिटांत पळतो. तो बाहेर पडायच्या आत ज्या खात्यात सापडेल तिथे गोठवता येतो. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आपले लोक वेळ घालवतात ते अज्ञानामुळे कमी आणि लाजेमुळे जास्त. घरात सून काय म्हणेल, कॉलनीत हसतील. रुळाला तडा दिसला तर आपण लाल झेंडा घेऊन धावतो, तडा कोणामुळे गेला हे पाहत बसत नाही. ज्याचे पैसे गेले त्याला हसणाऱ्याला शाखेने दोन शब्द सुनावले पाहिजेत.

भाषेचा मुद्दा राहून जाऊ नये. सिकंदराबादला, हुबळीला, झाशीला, खरगपूरला काम करणारा मराठी ट्रॅकमन. त्याच्या मोबाईलवर येतो इंग्रजी संदेश, त्यात "डेबिटेड" आणि "क्रेडिटेड" या दोन शब्दांत एवढाच फरक की एकाने पैसे जातात आणि दुसऱ्याने येतात. आपल्या जुन्या रोजमेळात "नावे" आणि "जमा" असे स्वच्छ शब्द होते. ओ.टी.पी.च्या संदेशात पहिले वाक्य खातेदाराच्या भाषेत असे का असू नये : "हा नंबर दिलात तर तुमच्या खात्यातून अमुक इतके रुपये जातील"? रक्कम आधी, बाकीचे नंतर. यंत्राला भाषा शिकवणे आता अवघड राहिलेले नाही. इच्छेचा प्रश्न आहे.

माझ्या मते फेडरेशनने प्रशासनापुढे मांडायच्या गोष्टी फार नाहीत. डिजिटल व्यवहारातल्या नुकसानीची वसुली, ज्याने पैसे खाल्ले नाहीत अशा कर्मचाऱ्याकडून होता कामा नये. प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळेत मिळाले पाहिजे, रविवारी नव्हे. पेन्शनरांची माहिती कुठून फुटते याची चौकशी झाली पाहिजे. आणि रोखीची खिडकी बंद करू नये, कारण ज्याला मोबाईल नको त्याचाही पैसा सरकारी चलनच आहे. यावर कोणी म्हणेल की तुम्ही जुन्या जमान्याची माणसे, प्रगतीला आडवे येता. १९८०-९० च्या दशकांत संगणक आला तेव्हाही आपल्याला हेच ऐकवले गेले. संगणक आला, आपण शिकलो, आणि आज तोच आपण चालवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये टपालखात्याची नवी प्रणाली देशभर लागू झाली, तेव्हा सुरुवातीचे दिवस अडखळणारे नेट आणि संतापलेली रांग यांच्यामध्ये उभे राहून ती रेटून नेली ती काउंटरवरच्याच लोकांनी.

आमच्या शाखेत आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी निवृत्तांची बैठक असते. पूर्वी युनियनच्या खोलीत रात्रीचे साक्षरतेचे वर्ग चालत, त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर. एक तरुण लोको पायलट आणि एक पोस्टल असिस्टंट मुलगी येतात. व्याख्यान नसते. प्रत्येकाने महिनाभरात आलेले संशयास्पद फोन आणि संदेश वाचून दाखवायचे आणि इतरांनी खोट कुठे आहे ते ओळखायचे, एवढाच कार्यक्रम. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन म्हणजे देण्याची सही, हे कित्येकांना तिथेच पहिल्यांदा कळले. लग्नपत्रिका किंवा गाडीच्या दंडाची पावती म्हणून येणारी फाईल मुळात ॲप असते, आणि ती उघडली की आपले संदेश दुसरा वाचू लागतो, हेही तिथेच कळले. बँकांची खरी संकेतस्थळे आता "बँक डॉट इन" या शेपटीने संपतात, ते मुलीने फळ्यावर लिहून दाखवले. प्रत्येकाने एक तरुण माणूस निवडून ठेवला आहे, पैशाबद्दल कोणताही फोन आला की "थांबा, साक्षीदाराला विचारतो" म्हणायचे आणि फोन ठेवायचा. हा शब्द आमच्या कीमॅननीच काढला.

त्यांच्या पैशांपैकी एकेचाळीस हजार रुपये पुढच्या एका खात्यात अडकलेले सापडले. न्यायालयात अर्ज करून ते सोडवून घ्यायला पाच महिने लागले. उरलेल्या एक लाख त्रेचाळीस हजारांबद्दल बँकेशी पत्रव्यवहार चालू आहे. संदेशातली भाषा आणि पी.पी.ओ.ची फुटलेली माहिती हे दोन मुद्दे आम्ही तक्रारीत घातले आहेत. पी.पी.ओ.बद्दल पेन्शन कचेरीला तीन पत्रे गेली, तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचेही नाही. चौथे पत्र शाखेच्या लेटरहेडवर, रजिस्टर केलेल्या स्पीड पोस्टाने गेल्या आठवड्यात पाठवले.